स्वतःचा दंड स्वतः भरणारा खेळ

ब्रिटनमधील तळ्यांवर हिवाळाभर चालणाऱ्या छोट्या शिडाच्या नौकांच्या शर्यतींविषयी

व्यापारी आणि नौका यांचे नाते फार जुने आहे. श्वेतांबर आगमांपैकी उपासकदशांग सूत्रात भगवान महावीरांना जी विशेषणे लावली आहेत, त्यांत ‘महासार्थवाह’ आणि ‘महानिर्यामक’ ही दोन आहेत. सार्थवाह म्हणजे व्यापारी तांड्याचा नायक आणि निर्यामक म्हणजे नौकेचे सुकाणू सांभाळणारा. श्रीपाळ राजाच्या चरित्रातही धवल शेठच्या जहाजांवाचून कथा पुढे सरकत नाही. अलीकडच्या काळात सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी आपल्या सहकाऱ्यांसह सिंधिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी उभारली. तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

ज्या देशाच्या दिशेने ते जहाज निघाले, त्या ब्रिटनमध्ये नौकानयनाचा एक अगदी छोटा अवतार शतकाहून अधिक काळ टिकून आहे. तेथे गावोगावच्या तळ्यांवर हातभर ते दोन हात लांबीच्या शिडाच्या नौका सोडून शर्यती लावल्या जातात. नौका पाण्यात आणि चालक काठावर, असा हा खेळ आहे. आज ही नौका रेडिओ लहरींनी चालवली जाते. ऑक्टोबर ते मार्च या थंडीच्या महिन्यांत, बहुधा रविवारी सकाळी, अंगावर जाड कोट आणि डोक्यावर लोकरी टोपी घालून दहा-पंधरा माणसे तळ्याकाठी उभी असतात आणि समोर पाण्यावर तेवढीच शिडे झुकलेली दिसतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा थोरामोठ्यांचा पोरखेळ वाटतो. थोडा वेळ थांबून पाहिले, तर त्यात सचोटीची एक नेमकी शिस्त दिसू लागते. व्यापारी घराण्यांनी तिची ओळख करून घ्यावी, अशी ती आहे.

नौका आणि तिचे दोन हुकूम

शिडाच्या खेळण्यातल्या नौका पूर्वीपासून होत्या. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधील ‘राउंड पाँड’ हे गोल तळे १७३० साली तयार झाले, आणि पुढे अशा नौकांसाठी ते प्रसिद्ध पावले. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोचा मॉडेल यॉट क्लब १८९८ साली स्थापन झाला. ब्रिटनमधील क्लबांची मध्यवर्ती संस्था, मॉडेल यॉटिंग असोसिएशन, १९११ पासून काम करते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील तळ्यावरची अशीच एक शर्यत ई. बी. व्हाइट यांच्या ‘स्टुअर्ट लिटल’ या १९४५ च्या बालकथेमुळे जगभरच्या मुलांना ठाऊक झाली.

रेडिओ येण्यापूर्वी नौका एकदा सोडली की ती आपल्या आपण जात असे. वाऱ्याच्या दिशेप्रमाणे फिरणारे एक पाते सुकाणूला जोडलेले असे, आणि चालक हातात काठी घेऊन काठाकाठाने धावत असे. नौका काठाला लागली की ती काठीने वळवून पुन्हा सोडायची. रेडिओने ही धावपळ संपवली. आता हातातील यंत्रावरून दोनच हुकूम जातात. एकाने सुकाणू वळते आणि दुसऱ्याने शिडांची दोरी घट्ट किंवा सैल होते. नौकेला इंजिन नाही, पंखा नाही. बॅटरीची शक्ती केवळ या दोन हालचालींपुरती खर्च होते, पुढे नेणारा वाराच असतो.

या नौकांचे अनेक वर्ग आहेत. त्यांपैकी ‘इंटरनॅशनल वन मीटर’ हा जगभर मान्यता पावलेला वर्ग घेतला, तर त्याचे नियम पाहण्यासारखे आहेत. नौकेची लांबी १ मीटरपेक्षा अधिक नसावी, वजन ४ किलोपेक्षा कमी नसावे, पाण्याखालची खोली ४२० मिलिमीटरच्या आत असावी. तळाशी एक पाते आणि त्याच्या टोकाला शिशाचा गोळा असतो. या दोहोंचे मिळून वजन २.२ ते २.५ किलो असावे लागते. म्हणजे नौकेचे निम्म्याहून अधिक वजन पाण्याखाली, नजरेआड असते. वाऱ्याच्या जोराने शीड पाण्याला टेकले तरी नौका पुन्हा ताठ उभी राहते, ती या दडलेल्या वजनामुळे. व्यवसायातील गंगाजळीचे कामही यापेक्षा वेगळे नसते.

हिवाळाच का?

थंडीच्या देशात हा खेळ थंडीतच का रंगतो, याची कारणे व्यवहारातील आहेत. उन्हाळ्यात उथळ तळ्यांत पाणवनस्पती माजतात. नौकेच्या तळाच्या पात्याला एखादी वेल अडकली की तिचा वेग निम्म्यावर येतो आणि ती सोडवायला नौका काठाशी आणावी लागते. हिवाळ्यात ही वाढ ओसरते आणि पाणी मोकळे होते. झाडांची पाने गळून गेल्यामुळे तळ्यावर वारा सरळ पोहोचतो. थंड हवा उबदार हवेपेक्षा जड असते. ५ अंश तापमानाची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ७ टक्के घन असते, त्यामुळे त्याच वेगाच्या वाऱ्याचा शिडावर दाब थोडा अधिक पडतो. शिवाय समुद्रावर मोठ्या नौका चालवणारे अनेक हौशी लोक हिवाळ्यात आपल्या नौका किनाऱ्यावर चढवून ठेवतात. त्यांनाही या दिवसांत हाताला काम हवे असते. पक्ष्यांच्या विणीचा हंगाम वसंतात येतो. तळ्याकाठची घरटी रिकामी असताना हे खेळ चालतात, ही गोष्ट अहिंसेच्या दृष्टीने समाधानाची आहे.

अडचणीही आहेतच. थंडीत बॅटरीची धारणशक्ती घटते, म्हणून जवळ दुसरी भरलेली बॅटरी ठेवावी लागते. बोटे बधिर झाली की सूक्ष्म हालचाल जमत नाही. त्यासाठी हातातील यंत्रासकट दोन्ही हात आत जातील अशी उबदार पिशवी वापरतात. सूर्य दिवसभर खाली राहतो आणि त्याची तिरीप पाण्यावरून थेट डोळ्यांत येते. डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून शर्यती सकाळीच उरकाव्या लागतात. एखाद्या रविवारी तळेच गोठलेले असते. त्या दिवशी गरम चहा घेऊन घरी परतणे एवढेच हाती उरते.

वाऱ्याचा जोर पाहून शिडे बदलावी लागतात. ‘वन मीटर’ वर्गात मोठी, मध्यम आणि लहान अशा शिडांचे तीन संच असतात. मंद वाऱ्यात लहान शिडे लावणारा मागे पडतो आणि सोसाट्याच्या वाऱ्यात मोठी शिडे लावण्याचा हव्यास धरणाऱ्याची नौका आडवी होते. किती शीड उभारायचे, हा निर्णय पाण्यात उतरण्यापूर्वी घ्यायचा असतो. बाजाराचा वारा पाहून किती माल भरायचा, हे ठरवणाऱ्यांना या निर्णयाचे मोल वेगळे सांगायला नको.

शर्यतीची रीत

तळ्यात तरंगत्या खुणा बांधून मार्ग आखलेला असतो. निम्मा मार्ग वाऱ्याच्या विरुद्ध असतो. शिडाची नौका थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून कधी डावीकडे, कधी उजवीकडे अशी नागमोडी वाट काढत ती पुढे सरकते. त्यामुळे दहा-पंधरा नौकांच्या वाटा एकमेकींना सतत छेदतात. धक्का लागण्याचे प्रसंग येतात ते येथेच.

आरंभाची पद्धत काटेकोर असते. एकेका मिनिटाच्या अंतराने तीन ध्वनी होतात. पहिला इशाऱ्याचा, दुसरा तयारीचा आणि तिसरा आरंभाचा. शेवटच्या मिनिटात दर दहा सेकंदांनी आणि शेवटच्या दहा सेकंदांत दर सेकंदाला आकडा पुकारला जातो. ज्याची नौका ध्वनीपूर्वी रेषा ओलांडते, त्याला मागे येऊन पुन्हा निघावे लागते.

मोठ्या नौकांना लागू असणारे जागतिक नियम या छोट्या नौकांनाही लागू आहेत. ‘वर्ल्ड सेलिंग’ या जागतिक संस्थेच्या नियमपुस्तकात रेडिओ नौकांसाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे. मुख्य नियम दोन-तीनच आहेत. जिला उजव्या बाजूने वारा लागतो, त्या नौकेला डाव्या बाजूने वारा घेणाऱ्या नौकेने वाट द्यायची. दोघींना एकाच बाजूने वारा असेल, तर वाऱ्याकडील नौकेने पलीकडच्या नौकेपासून दूर राहायचे. खुणेजवळ आतल्या बाजूला असलेल्या नौकेला वळायला जागा द्यायची. कोणाला हाक द्यायची असेल तर नाव घ्यायचे नाही, शिडावरील क्रमांक पुकारायचा. तोही आकडे सुटे करून, म्हणजे ‘पंधरा’ न म्हणता ‘एक पाच’ असा. वाऱ्यात ऐकण्यात चूक होऊ नये, हा त्यामागचा हेतू. मोठ्या रकमा आकडा आकडा सुटा करून पडताळण्याची सवय असलेल्यांना यातील शहाणपण लगेच कळेल.

पंच नसतानाचा न्याय

या खेळाचा गाभा यानंतर येतो. क्लबच्या रविवारच्या शर्यतीत काठावर पंच नसतात. दोन नौकांचा धक्का लागला, तर चूक कोणाची, हे बहुतेक वेळा त्या दोन चालकांनाच ठाऊक असते, आणि कित्येकदा एकालाच. वीस-तीस मीटर दूर, तिरक्या उन्हात, शीड खुणेला किंचित घासले की नाही, हे इतर कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. अशा वेळी नियम असा आहे की ज्याची चूक झाली, त्याने स्वतःहून, ताबडतोब, इतरांच्या वाटेतून बाजूला होऊन आपली नौका एक पूर्ण गिरकी घेऊन फिरवायची. हाच त्याचा दंड. खुणेला स्पर्श झाला तरी दंड हाच. दंड घेऊनही चुकीमुळे मोठा लाभ झाला असेल, तर आणखी एक गिरकी घ्यायची. आपल्या चुकीने दुसऱ्याच्या नौकेची गंभीर मोडतोड झाली असेल, तर शर्यत सोडायची. नियमपुस्तकाच्या आरंभीच खिलाडूपणाचे तत्त्व म्हणून हे सांगितलेले आहे की नियम पाळणे आणि मोडल्यास तत्परतेने दंड घेणे ही स्पर्धकाची स्वतःची जबाबदारी आहे.

एक गिरकी म्हणजे काही सेकंदांचा प्रश्न. पण तेवढ्यात तीन-चार नौका पुढे निघून जातात. पहिला क्रमांक दिसत असताना, कोणी पाहिलेले नसताना, हात सुकाणूची कळ वळवतो की नाही, एवढ्यावर त्या सकाळचा खरा निकाल लागतो.

जैन कुटुंबांतील वाचकांना येथे ‘इरियावहियं’ आठवल्याशिवाय राहणार नाही. येता-जाता, चालता-फिरताना नकळत जी विराधना घडली असेल, तिची आलोचना करण्याचे ते सूत्र. दोष घडला तो हालचालीत, पाहणारा कोणी नाही, आणि तरीही तो उच्चारून त्यातून मागे फिरायचे. प्रतिक्रमण या शब्दाचा अर्थच मागे फिरणे असा आहे. खेळाची आणि धर्मक्रियेची बरोबरी होऊ शकत नाही. एकीकडे कर्मनिर्जरेचा विचार आहे आणि दुसरीकडे रविवारची करमणूक. तरीसुद्धा ज्या मनाला लहान प्रसंगी दोष कबूल करण्याचा सराव आहे, त्यालाच मोठ्या प्रसंगी ते जमते. सराव कोठे झाला, याला फारसे महत्त्व नाही.

हा विश्वास रेडिओच्या जुन्या काळात आणखी कठीण कसोटीला लागत असे. तेव्हा प्रत्येक नौकेला स्वतंत्र लहरीची गरज होती. एका लहरीवर दोघांनी यंत्र सुरू केले, तर दुसऱ्याची नौका भरकटत असे. म्हणून तळ्याकाठी एक फळी असे. तिच्यावरील आपल्या लहरीची खुंटी किंवा चिमटा काढून घेतल्याशिवाय यंत्र सुरू करायचे नाही, असा दंडक होता. एकाच्या निष्काळजीपणाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागे. पुढे २.४ गिगाहर्ट्झची यंत्रे आली. ती आपली वाट स्वतः शोधून घेतात, आणि फळीची गरज उरली नाही. गिरकीची जागा मात्र कोणतेही यंत्र घेऊ शकलेले नाही.

हंगामाचा ताळेबंद

गुणांची पद्धत व्यापारी मनाला विशेष भावेल. येथे जितके गुण कमी, तितके यश अधिक. पहिल्याला १ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३. एका सकाळी अनेक फेऱ्या होतात आणि त्यांची बेरीज केली जाते. त्यात एक सोय ठेवलेली आहे. रेडिओ नौकांच्या नियमांप्रमाणे ४ फेऱ्या झाल्या की प्रत्येकाची सर्वांत वाईट १ फेरी हिशेबातून वगळतात, ८ झाल्या की २.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पहिला चालक वेगवान आणि धाडसी. ८ फेऱ्यांत त्याचे क्रमांक १, १, १२, १, ९, १०, १, ८ असे आले. बेरीज ४३. त्यातून १२ आणि १० वगळले की उरतात २१. दुसरा चालक शांत. तो एकदाही पहिला आला नाही. त्याचे क्रमांक २, ३, ३, २, ३, २, ३, ३. बेरीज २१, आणि दोन वेळचे ३ वगळले की उरतात १५. चार वेळा पहिला आलेला मागे राहिला आणि एकदाही पहिला न आलेला पुढे गेला.

या हिशेबात दोन गोष्टी एकत्र आहेत. एखाद्या वाईट दिवसाला क्षमा आहे, पण ती मोजून दिलेली आहे. बुडीत खाते एखादे चालते, सगळीच खाती बुडीत निघाली तर पेढी चालत नाही. दुसरी गोष्ट गिरकीशी जोडलेली आहे. प्रामाणिकपणे दंड घेऊन जो दुसऱ्याऐवजी पाचवा आला, त्याची ती फेरी वगळली जाण्याची शक्यता असते. म्हणजे लांब हंगामाच्या हिशेबात खरेपणाचा तोटा बहुधा भरून निघतो. खोटेपणाचे तसे नाही. दर रविवारी तीच दहा-पंधरा माणसे समोर येणार. धक्का मारून गिरकी न घेणारा माणूस एक फेरी जिंकेल, पण पुढच्या रविवारी त्याच्या शब्दावर वाट सोडणारा कोणी उरणार नाही. हुंडीच्या काळात पेढ्यांचे व्यवहार ज्या पतीवर चालत, तीच पत येथे आठवड्यागणिक जमा होते किंवा खर्ची पडते.

परिग्रहाला कुंपण

प्रत्येक हौसेत खर्चाची चढाओढ शिरते. या खेळातही ती आहे. उत्तम बांधणीची ‘वन मीटर’ नौका स्वस्त नसते आणि दरवर्षी नवे शीड, नवे पाते घेण्याचा मोह होतो. नियम करणाऱ्यांनी हे ओळखले होते. म्हणून या वर्गात नौकेच्या अंगासाठी आणि डोलकाठीसाठी महागडा कार्बन तंतू वापरण्यास मनाई आहे.

याहून पुढचे पाऊल ‘ड्रॅगनफ्लाइट ९५’ सारख्या वर्गाने टाकले. ९५ सेंटिमीटर लांबीची ही नौका एकाच कारखान्यात, एकाच साच्यात तयार होते आणि आली तशीच, नियमांनी दिलेल्या थोड्या मोकळिकीत वापरावी लागते. सुधारणा करून वेग वाढवण्याची मुभा नाही. किंमत बेताची असल्याने नवख्याला आणि निवृत्त माणसाला ती परवडते. सगळ्यांच्या नौका सारख्या, म्हणून फरक पडतो तो केवळ चालवणाऱ्याच्या नजरेचा. परिग्रहपरिमाण व्रतात श्रावक आपल्या संग्रहाची मर्यादा स्वतः आखून घेतो. येथे स्पर्धकांनी मिळून ती आखली आहे, आणि मर्यादा घातल्यावर खेळ फिका पडण्याऐवजी अधिक चुरशीचा झाला आहे.

आजोबा आणि नात एकाच रेषेवर

या खेळात शरीरबळाला महत्त्व नाही. साठीचा माणूस, शाळकरी मुलगी आणि चाकांच्या खुर्चीवर बसलेला तरुण एकाच आरंभरेषेवरून निघू शकतात आणि कोणालाही सवलतीचे गुण द्यावे लागत नाहीत. काठावर उभ्या असणाऱ्यांत निवृत्तांची संख्या मोठी असते, त्याचे कारण हेच. लवकर अंधारणाऱ्या, पावसाळी हिवाळ्यात घरात एकट्या पडलेल्या वृद्ध माणसाला रविवारी दहा वाजता कोठेतरी आपली वाट पाहिली जाते, एवढे माहीत असणे औषधासारखे असते. त्याची नौका जिंकली नाही तरी चालते. तो आला नाही, तर कोणीतरी चौकशीचा फोन करते.

पूर्व आफ्रिकेतून १९६० आणि १९७० च्या दशकांत ब्रिटनला गेलेली अनेक जैन कुटुंबे लंडन आणि लेस्टरच्या परिसरात स्थिरावली आहेत. अलीकडे महाराष्ट्रातूनही अनेकांची मुले तिकडे नोकरी-व्यवसायासाठी गेली आहेत. मुलाकडे थंडीत गेलेल्या आई-वडिलांचा दिवस जाता जात नाही, ही तक्रार नेहमी ऐकू येते. अशा वेळी नातवंडांना घेऊन जवळच्या तळ्यावर रविवारी फेरी मारण्यास हरकत नाही. काठावर पाहणाऱ्याला शुल्क पडत नाही, आणि कुतूहलाने विचारणाऱ्याच्या हाती यंत्र देणारा एखादा चालक बहुधा भेटतोच.

तेथे गेल्यावर मुलांना एक गोष्ट मुद्दाम दाखवावी. सगळ्या नौका पुढे धावत असताना मध्येच एखादी बाजूला होते, स्वतःभोवती फिरते आणि पुन्हा रांगेत शिरते. मूल विचारेल, ती नौका अशी का फिरली? तिच्या चालकाकडून चूक झाली होती आणि ती त्याने स्वतःच ओळखली, असे उत्तर त्याला द्यावे. त्यावर मूल बहुधा पुढचा प्रश्न विचारेल, की कोणी पाहिले नव्हते, तरीही? या प्रश्नाचे उत्तर मात्र घरातील मोठ्यांना आपल्या रोजच्या व्यवहारातूनच द्यावे लागेल.